पथ्य आणि प्रमाण

आजारी माणसाच्या उशाशीं दोन गोष्टी असतात: एक औषध आणि दुसरें पथ्य. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी असते. आंत काय आहे, तें कोठें तयार झालें, दिवसांतून किती वेळां घ्यावयाचें, हें तिच्यावरून कोणासही कळतें. पथ्याला मात्र अशी चिठ्ठी नसते. तें तोंडीं सांगितलें जातें, तोंडींच पुढें जातें, आणि सांगणारा बदलला कीं बहुधा तेंही बदलतें. एकाच दुखण्यांत एक जण दूध वर्ज्य करतो, तर दुसरा रोग्याला दुधावरच ठेवतो. एक जण भात बंद करावयास सांगतो, तर दुसरा पेजेलाच मोठा आधार मानतो. दोघेही अनुभवी असतात आणि दोघेही रोग्याचें हितच चिंतीत असतात. परंतु रोगी एकच असतो आणि त्याला पोटही एकच असतें. त्यानें कोणाचें ऐकावें?

हा प्रश्न घरोघरचा आहे, म्हणून तो क्षुल्लक ठरत नाहीं. आहार सांगणारांच्या कामाला कांहीं सर्वमान्य शिस्त असावी कीं नसावी, आणि असावी तर ती कोणत्या बाबतींत, याविषयीं गेलीं दीडशें वर्षें विचार आणि वाद चालू आहेत. त्यांचा मागोवा घेतांना पनवेलपासून आरंभ करणें सोईचें आहे. कारण या गांवीं औषधाच्या बाजूनें या प्रश्नाला फार लवकर उत्तर मिळालें.

पनवेल हें खाडीवरचें जुनें बंदर. मुंबईहून पुण्यास जातांना घाटाच्या अलीकडे लागणारें, भातशेतीच्या मुलखांतलें गांव. सन १८५२ पासून येथें नगरपालिका होती, आणि २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली. या गांवीं सन १८७२ मध्यें वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. तोंपर्यंतची सामान्य रीत अशी, कीं वैद्यानें आपलीं औषधें आपल्या घरीं आपल्या देखरेखीखालीं करावीं. खल त्याचा, मुळ्या त्यानें पारखलेल्या, पुटें त्यानें दिलेलीं. औषधाची खातरी म्हणजे त्या वैद्याची खातरी. कारखाना निघाला म्हणजे ही गोष्ट बदलते. ज्याला वैद्याचें तोंडही ठाऊक नाहीं अशा दूरच्या रोग्याच्या हातीं तीच मात्रा पडावयाची असते. म्हणून कृति लिहावी लागते, वजन ठरवावें लागतें, आणि आजची गोळी कालच्या गोळीसारखी असावी लागते. पुढें हाच विचार कायद्यांतही आला. औषधांविषयींचा १९४० चा कायदा १९६४ सालीं दुरुस्त होऊन आयुर्वेदीय औषधें त्याच्या कक्षेंत आलीं, आणि त्यांच्या कृतींचे अधिकृत संग्रहही सरकारनें सिद्ध केले.

औषध असें शिस्तींत आलें. पथ्य मात्र जेथल्या तेथेंच राहिलें. पनवेलहून निघालेली पुडी शंभर कोसांवर सारखीच पोहोंचली, तरी तिच्याबरोबर काय खावें आणि काय टाळावें, हें त्या त्या गांवच्या वैद्याच्या स्मरणावर आणि घरांतल्या वडील बायकांच्या समजुतीवर अवलंबून राहिलें. याचें कारण आळस हें नव्हे. अन्न ही वस्तुच औषधाहून वेगळी आहे. गोळी सर्वांना एकच देतां येते. जेवण सर्वांना एकच देतां येत नाहीं.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना ही अडचण पूर्ण ठाऊक होती. चरकसंहितेच्या विमानस्थानांत आहाराचा विचार करतांना आठ गोष्टी पाहावयास सांगितल्या आहेत: पदार्थाचा मूळचा गुण, त्यावर केलेला संस्कार, दुसऱ्या पदार्थांशीं झालेला संयोग, राशि म्हणजे प्रमाण, देश, काळ, खाण्याचे नियम, आणि खाणारा स्वतः. राशीचाही दुहेरी विचार आहे. सबंध जेवण किती आणि त्यांतला एकेक पदार्थ किती. महाराष्ट्रांत ज्याचें नांव वैद्यांच्या तोंडीं असे त्या लोलिंबराजानेंही ‘वैद्यजीवन’ या ग्रंथांत पथ्याचें माहात्म्य सांगितलें आहे. तेव्हां विचारावयाचे प्रश्न आपल्याकडे तयार होते, आणि ते उत्तम होते. उणें होतें तें निराळेंच. मिळालेलीं उत्तरें लिहून ठेवण्याची रीत सार्वत्रिक नव्हती. एका वैद्याचा अनुभव दुसऱ्याच्या अनुभवाशीं ताडून पाहण्याचें साधन नव्हतें. आणि प्रमाण सांगावयाचें तर मापही एक नव्हतें. निठवें, चिपटें, शेर, पायली हीं मापें ठिकठिकाणीं निरनिराळीं असत. एका प्रांताची पायली दुसऱ्या प्रांताच्या पायलीशीं जुळत नसे. सबंध देशाला एकच वजनमाप लावणारा कायदा १९५६ सालीं झाला. जेथें पायलीच एक नाहीं तेथें पथ्य एक कोठून होणार?

अन्न मोजून देण्याचा मोठा प्रयोग आपल्याकडे झाला तो वैद्यानें केला नाहीं; सरकारनें केला, आणि तोही रोग्यांवर नव्हे तर भुकेलेल्यांवर. सन १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दक्षिण हिंदुस्थानावर आणि मुंबई इलाख्याच्या घाटमाथ्यावरील जिल्ह्यांवर कोसळला. सर रिचर्ड टेंपल यांस व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं आपले प्रतिनिधि म्हणून पाठविलें. त्याच्या थोडीं वर्षें आधीं बिहारच्या दुष्काळांत फार खर्च केला असा ठपका टेंपल यांच्यावर आला होता. या वेळीं त्यांचें लक्ष काटकसरीवर होतें. सन १८७७ च्या आरंभीं त्यांनीं दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्याच्या किंमतीइतकी आणि वर थोडे पैसे इतकी खालीं आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशें ग्रॅमच्या थोडें वर. आजच्या हिशेबानें त्यांत पंधराशें ते सोळाशें उष्मांक असतात. भारी अंगमेहनत करणाऱ्या पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाची रोजची गरज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं ३,४७० उष्मांक धरली आहे. त्या काळचा मजूर अंगानें हलका होता हें मान्य केलें, तरी खडी फोडणाराच्या पोटांत पडणारें अन्न त्याच्या श्रमाच्या मानानें किती तुटपुंजें होतें हें यावरून दिसेल.

मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉक्टर विल्यम कॉर्निश यांनीं या मापाविरुद्ध जोराचा आवाज उठविला. काम करणाऱ्या शरीराला किती अन्न लागतें याचा शरीरशास्त्रीय पुरावा त्यांनीं पुढें मांडला, आणि पुढें त्याच वर्षीं मद्रास सरकारनें शिधा वाढविला. मुंबई इलाख्यांत मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. दुष्काळ ओसरल्यावर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें १८८० सालीं आपला अहवाल दिला, आणि १८८३ मध्यें दुष्काळ निवारणाचे नियम संहितेच्या रूपानें तयार झाले.

या प्रकरणाचा धडा आजही विसरण्यासारखा नाहीं. एक पौंडाचें माप सर्वांना सारखें होतें, लिहिलेलें होतें, मोजतां येण्याजोगें होतें. प्रमाणबद्धतेचीं सगळीं बाह्य लक्षणें त्याच्या ठायीं होतीं. तरी तें माप चूक होतें. कारण तें खाणाऱ्याकडे पाहून ठरलेलें नव्हतें, खजिन्याकडे पाहून ठरलेलें होतें, आणि त्याचा परिणाम काय होतो हें मोजून पाहण्याची तयारी त्यामागें नव्हती. सारखेपणा हा गुण खरा. पण तो एकटा पुरत नाहीं.

यानंतरचें पाऊल पडलें तें प्रयोगशाळेंत, आणि त्याचा संबंध पनवेलसारख्या भात खाणाऱ्या गांवांशीं थेट येतो. पनवेल, पेण, कर्जत हा भाताचा मुलूख. पूर्वी घरोघर उखळांत भात सडला जाई आणि हातसडीचे तांदूळ ताटांत येत. गिरण्या निघाल्या, तसे तांदूळ पांढरेशुभ्र झाले, आणि त्यांच्यावरचा उपयोगी पापुद्रा कोंड्याबरोबर निघून जाऊं लागला. असल्या तांदळावरच ज्यांचें पोट चालतें त्यांना बेरीबेरी हा रोग जडतो, याचा माग जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांना कोंबड्यांवरून लागला. सडक्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडत आणि असडी तांदूळ खाणाऱ्या नीट राहत. या कामाबद्दल त्यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. आपल्याकडे निलगिरींतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनीं १९१८ सालीं बेरीबेरीचा शोध घेण्यासाठीं एका लहानशा खोलींत काम सुरू केलें. त्याच कामाची पुढें पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली, १९५८ मध्यें ती हैदराबादेस हलली, आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ती प्रसिद्ध आहे.

सन १९३५ पासून १९४५ पर्यंत या प्रयोगशाळेचे संचालक डब्ल्यू. आर. आक्रॉइड हे होते. त्यांच्या कारकीर्दींत १९३७ सालीं ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ ही लहानशी पुस्तिका निघाली. हिंदी अन्नपदार्थांचें पोषणमूल्य आणि त्यांवरून समाधानकारक आहार कसा बेतावा, हा तिचा विषय. दिसायला कोरडी, आंकड्यांनीं भरलेली; पण आहार सांगणाराच्या हातीं पहिल्यानें सर्वांना मान्य होण्याजोगें एक माप तिनें दिलें. प्रत्येक पदार्थाच्या शंभर ग्रॅममागें प्रथिनें किती, स्निग्धांश किती, चुना किती, लोह किती, हें त्यांत नोंदलेलें असे. हा शंभराचा हिशेब साल, बिया आणि देठ वजा जाऊन उरलेल्या खाण्याजोग्या भागाचा असतो. आणि धान्याच्या बाबतींत तो शिजविलेल्या अन्नाचा नसून कच्च्या दाण्याचा असतो. ही साधी गोष्ट ध्यानांत न घेतल्यामुळें चांगल्या शिकलेल्या माणसांचेही हिशेब चुकतात. कारण वाटीभर तांदळाचा भात वाटीभर होत नाहीं, तो तिच्या दुपटीतिपटीवर जातो.

या परंपरेंतल्या पुढच्या तक्त्यांवरून दोन आंकडे घेतले, तर कोंकणच्या घरांना त्यांचें महत्त्व सहज पटेल. गिरणींतल्या पांढऱ्या तांदळाच्या शंभर ग्रॅमांत ब-१ हें जीवनसत्त्व ०.०६ मिलिग्रॅम असतें. हातसडीच्या तांदळांत तें ०.२१ असतें, आणि गिरणीवर सडलेल्या उकड्या तांदळांतही तितकेंच राहतें, कारण भात उकडतांना तें सत्त्व दाण्याच्या आंत मुरतें. दुसरा आंकडा नाचणीचा. पांढऱ्या तांदळाच्या शंभर ग्रॅमांत चुना अवघा १० मिलिग्रॅम, तर नाचणींत तो ३४४. पनवेलच्या आसपासच्या डोंगरांतले ठाकूर आणि कातकरी जी नाचणी पिकवीत आणि खात आले, तिला शहरांतल्या लोकांनीं गरिबाचें धान्य म्हणून दूर ठेवलें होतें. तक्त्यापुढें असली प्रतिष्ठा टिकत नाहीं. तेथें धान्याची जात पाहिली जात नाहीं, त्यांतलें सत्त्व पाहिलें जातें.

आक्रॉइड यांच्यानंतर या प्रयोगशाळेची धुरा वि. ना. पटवर्धन यांनीं वाहिली. याच प्रयोगशाळेंत कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉक्टर कमला सोहोनी, यांनींही कांहीं काळ काम केलें. लेखिका दुर्गा भागवत यांच्या या भगिनी. केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांस १९३९ सालीं मिळाली, आणि विज्ञानांत अशी पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. मुंबईस विज्ञान संस्थेंत आल्यावर त्यांनीं कडधान्यें आणि नीरा यांच्या पोषणगुणांवर संशोधन केलें. म्हणजे गरिबाच्या घरीं जें मिळूं शकेल त्याचाच अभ्यास केला. मुंबईच्या ग्राहकसंस्थेच्या द्वारें अन्नांतल्या भेसळीविरुद्धही त्या झटल्या. तक्त्यांतले आंकडे कोणासाठीं आहेत, याचें भान त्यांच्या कामांत सतत दिसतें.

अन्नांत काय आहे हें कळलें, म्हणजे माणसाला काय लागतें हा प्रश्न उरतो. सन १९४४ मध्यें हिंदुस्थानांतल्या संशोधन निधि मंडळाच्या पोषण सल्लागार समितीनें हिंदी लोकांकरितां रोजच्या आहाराचीं प्रमाणें सुचविलीं. तेव्हांपासून तीं अनेकदां सुधारलीं गेलीं. अलीकडे २०१० आणि २०२० सालीं. परंतु या प्रमाणांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. उष्मांकांचें प्रमाण ही सरासरी असते. बैठें काम करणाऱ्या पुरुषास २,११० आणि स्त्रीस १,६६० उष्मांक लागतात, असें म्हटलें म्हणजे समोर बसलेल्या गृहस्थाला अगर बाईला नेमके तितकेच लागतात, असा त्याचा अर्थ होत नाहीं. उलट प्रथिनें, जीवनसत्त्वें आणि क्षार यांचीं शिफारस केलेलीं प्रमाणें मुद्दाम चढीं ठेवलेलीं असतात, कीं शंभरांतल्या सत्त्याण्णव निरोगी माणसांना तीं पुरावीं. आणि हीं सगळीं प्रमाणें निरोग्यांचीं. रोग्याकडे वळलें कीं दुसऱ्या कोणाच्या तरी विवेकाची जरूर लागते.

हा विवेक ज्याचा व्यवसाय, तो आहारतज्ज्ञ. अमेरिकेंत या लोकांची संघटना १९१७ सालीं पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत स्थापन झाली. आपल्याकडे भारतीय आहारतज्ज्ञांची संघटना १९६३ सालीं निघाली. गृहविज्ञानाच्या महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या मुली मोठ्या इस्पितळांच्या स्वैंपाकघरांतून आणि पुढें वार्डांतून काम करूं लागल्या. त्यांच्या हातीं तक्ते होते, प्रमाणें होतीं. सन १९५० मध्यें अमेरिकेंत मधुमेहाच्या रोग्यांसाठीं अदलाबदलीच्या याद्या निघाल्या, त्यांचाही उपयोग पुढें होऊं लागला. एका पोळीच्या बदलीं भात किती घ्यावा, एका फळाऐवजीं दुसरें कोणतें चालेल, हें त्या याद्यांवरून रोग्याला स्वतः ठरवितां येतें.

इतकें असूनही पहिला प्रश्न सुटला नव्हता. दोन इस्पितळांतून एकाच रोग्याला दोन निराळे कागद मिळत, आणि पुष्कळदां तो कागद छापील असे. वर रोगाचें नांव, खालीं दोन रकाने: खावें आणि खाऊं नये. छापील असल्यामुळें तो शास्त्रीय भासे. वास्तविक त्यांत एक पौंडाच्या मापाचाच दोष नव्या रूपानें आला होता. रोग सारखा म्हणून कागद सारखा. खाणारा कोण आहे हें कागदाला ठाऊक नाहीं.

या अडचणींतून जो मार्ग निघाला, तो विचार करण्यासारखा आहे. सन २००३ मध्यें अमेरिकेंतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेनें आहारोपचाराची एक ठरीव पद्धति स्वीकारली, आणि नंतर इतर देशांतल्या संघटनांनींही ती कमीअधिक प्रमाणांत उचलली. तिच्यांत जेवण ठरविलेलें नाहीं. जेवण ठरविण्याचा क्रम ठरविलेला आहे. पायऱ्या चार. पहिली तपासणी, दुसरी आहारदोषाचें निदान, तिसरी उपाय, आणि चौथी परिणामाची नोंद व फेरविचार. यांत नवीन म्हणण्यासारखी पायरी दुसरी. रोगाचें निदान डॉक्टर करतात. तें आहारतज्ज्ञाचें काम नव्हे. आहारतज्ज्ञानें आपल्या कक्षेंतला दोष कोणता, तो कशामुळें झाला, आणि त्याची खूण काय, हें एका वाक्यांत लिहावयाचें. दोष, कारण, पुरावा. या तिहींपैकीं एकही न लिहितां उपाय सुचवावयाचा नाहीं.

पनवेलच्या एखाद्या गृहस्थाचें उदाहरण कल्पून पाहूं. वय पन्नाशीचें, मधुमेह नुकताच निघालेला, रोज सकाळीं उपनगरी गाडीनें मुंबईस जाणारा. छापील कागद त्याला सांगेल: भात बंद, साखर बंद, बटाटा बंद. जन्मभर भात खाल्लेला हा माणूस चार दिवस पोळी खाईल आणि पांचव्या दिवशीं कागद फडताळांत ठेवून देईल. ठरीव पद्धतीनें जाणारी आहारतज्ज्ञ प्रथम त्याचा दिवस विचारील. दुपारीं एकला डबा खाल्ला, कीं रात्रीं नऊपर्यंत त्याच्या पोटांत चहाशिवाय कांहीं नाहीं. मग भुकेच्या भरांत तीन वाढ्या भात. ती लिहील: रात्रीच्या एकाच जेवणांत पिष्टमय अन्न फार, हा दोष, आठ तासांचा उपवास, हें त्याचें कारण, जेवणाची नोंद आणि रात्रीच्या जेवणानंतरची रक्तांतली साखर, हा पुरावा. आतां उपाय आपोआप निराळा होतो. सायंकाळीं गाडींत बसण्यापूर्वीं मूठभर फुटाणे. रात्रीं मोजून एक वाटी भात, पण जोडीला उसळ आणि भाजी भरपूर. कांहीं आठवड्यांनीं पुन्हां भेट. तीन महिन्यांनीं सरासरी साखर दाखविणारी रक्ताची तपासणी. उतार पडला नाहीं तर वाक्य पुन्हां वाचावयाचें: दोष ओळखण्यांत चूक झाली, कीं कारण ओळखण्यांत, कीं उपाय पाळला गेला नाहीं?

हें लिहिलेलें वाक्यच या पद्धतीचा खरा लाभ आहे. गृहस्थ दुसऱ्या इस्पितळांत गेला, किंवा पहिली आहारतज्ज्ञ बदलून गेली, तरी पुढच्या व्यक्तीला पहिलीनें काय पाहिलें आणि कां तसें सांगितलें हें कळतें. मतभेद झालाच तर तो माणसांत न राहतां पुराव्यावर येतो. शंभर रोग्यांचीं अशीं वाक्यें एकत्र ठेवलीं, कीं कोणता उपाय खरोखर लागू पडतो हें इस्पितळालाही दिसूं लागतें.

तरीही ही रीत सहजासहजीं रुजत नाहीं, आणि तिच्याविरुद्धचे आक्षेप अगदींच पोकळ आहेत असेंही नाहीं. सरकारी इस्पितळांत एका आहारतज्ज्ञाच्या वाट्याला इतके रोगी येतात, कीं चार पायऱ्यांना वेळ कोठून आणावा? पद्धतीची परिभाषा इंग्रजी. रोग्याची वाटी, पळी आणि मूठ तिच्यांत बसावयाची कशी? आणि जुन्या जाणत्यांना वाटतें, कीं ठराविक रकाने भरतांना रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचें राहून जाईल. पहिल्या आक्षेपाला उत्तर माणसें वाढविणें हेंच आहे. पद्धति त्याची जागा घेऊं शकत नाहीं. दुसऱ्याचें उत्तर आपल्याच हातीं आहे: वाटी एकदां मोजून ठरविली आणि रोग्याला तीच दाखविली, तर मराठींतही सगळें बिनचूक लिहितां येतें. तिसरा आक्षेप मात्र नेहमीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. रकाना हा प्रश्न विचारण्याची आठवण आहे. तो ऐकून घेण्याच्या ऐवजीं वापरला, कीं पुन्हां छापील कागदच हातीं उरतो.

कांहीं ठिकाणीं मात्र क्रमाबरोबर मापही कडक पाळावें लागतें. अत्यंत कुपोषित बालक हें त्याचें उदाहरण. असें मूल समोर आलें म्हणजे मायाळू माणसाच्या मनांत येतें, कीं याला पोटभर चांगलें खाऊं घालावें. तीच माया घातक ठरते. कारण दीर्घ उपासमारीनें थकलेलें शरीर एकाएकीं आलेलें पुष्कळ अन्न पेलूं शकत नाहीं, आणि रक्तांतले क्षार बिघडून मूल दगावतें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेंत म्हणूनच आधीं साखर, ऊब, पाणी आणि जंतुसंसर्ग यांची काळजी, मग शंभर मिलिलिटरमागें ७५ उष्मांकांचें सौम्य दूध थोडें थोडें, आणि तब्येत सांवरल्यावरच १०० उष्मांकांचें, असा क्रम घालून दिला. मेळघाटांतल्या बालमृत्यूंनीं हळहळलेल्या महाराष्ट्रानें २००५ सालीं राजमाता जिजाऊ अभियान सुरू केलें. कुपोषणाच्या अशा कामांत मूल वजनकांट्यावर ठेवणें आणि आंकडा खरा लिहिणें, यांवरच पुढचें सगळें अवलंबून असतें. मोजमाप हें कोरडेपणाचें लक्षण आहे असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हें उदाहरण आठवावें. तेथें मायेला मापाचाच आधार लागतो.

आतां कायद्यानेंही या व्यवसायाची दखल घेतली आहे. आरोग्यसेवेंतल्या संलग्न व्यवसायांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं जो कायदा केला, त्यांत पोषणविज्ञानाचे व्यावसायिक म्हणून आहारतज्ज्ञांचा समावेश आहे. शिक्षणाचा दर्जा आणि नोंदणी यांची व्यवस्था त्यानें योजिली आहे. परंतु कायद्यानें फार तर कोण सांगूं शकेल हें ठरतें. कसें सांगावें हें सांगणाराच्या रोजच्या शिस्तीनेंच ठरावयाचें.

पनवेलच्या कारखान्यानें दीडशें वर्षांपूर्वीं रोग्याला जी खातरी देऊं केली, ती वस्तूच्या सारखेपणाची होती. आहाराच्या बाबतींत तशी खातरी कोणी देऊं गेला, तर ती एक पौंडाच्या धान्यासारखी फसवी ठरेल. येथें रोग्याला देतां येते ती खातरी दुसऱ्या प्रकारची आहे: त्याचा दिवस विचारला जाईल, त्याचा दोष त्याच्यापुरता ओळखला जाईल, कारण लिहिलें जाईल, आणि चूक झाली असल्यास ती सांपडेल. ताटें वेगवेगळीं राहतील. कोणाच्या ताटांत हातसडीचा भात, कोणाच्या नाचणीची भाकरी, कोणाच्या नुसती पेज. मात्र तें ताट कोणत्या विचारानें वाढलें, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक रोग्याला आहे, आणि त्याचें लेखी उत्तर त्याच्या कागदावर असलें पाहिजे.